छत्तीस चौरस फूट

गॅसच्या जुन्या पुस्तकाखाली सापडला तो कागद.
कडेला हळदीचं बोट.
पट्ट्याची मुदत तीस वर्षं,
संपून आठ दिवस झालेले.
आठ दिवस आम्ही दुसऱ्याच्या घरात राहत होतो
आणि वरणाला फोडणी
रोजच्यासारखीच बसत होती.

रेसकोर्स रोड, खिडकी नंबर चार.
सोळंकी बाबू, चष्मा कपाळावर.
"रिन्यूअल? तीस साल का होगा."
मी त्र्याहत्तर, ही एकोणसत्तर.
कुमुदिनीने पदर सारखा केला
आणि एम.टी. क्लॉथ मार्केटात विचारावं
तसं विचारलं,
"थोड़ा कम में नहीं मिलेगा? बारा साल?
बारा बहुत हो जाएगा हमको."
रांगेत मागे कुणीतरी हसलं.
बाबू हसला नाही.
"माताजी, थान तीस का ही आता है."

तीस तर तीस.
जमिनीच्या भाड्याला इकडे भू-भाटक म्हणतात.
दर वर्षी भरत आलो,
तोंडाने म्हटला तो शब्द आज पहिल्यांदा,
जिभेला जरा अडखळला.

गुरुवारी मोजणीला माणूस आला,
मुकाती नावाचा पोरगा, बूट दाराशी काढून.
सगळं बघितलं. गॅलरीपाशी थांबला.
"ये तो बंद कर ली आपने."
चार बाय नऊ.
शर्तीचा भंग, छत्तीस चौरस फूट.

दिगंबर, हिचा धाकटा भाऊ,
देवासहून पंधरा दिवसांसाठी आला होता.
एक वळकटी, एक होमिओपॅथीची पेटी.
त्या थंडीत काचा लावल्या,
त्याला खोकला होता म्हणून.
नऊ वर्षं राहिला.
ना करार, ना अट, ना भाडं.
माझा त्याचा छत्तीसचा आकडा.
हिच्याशी बोलतोय असं दाखवून
त्याला ऐकू जाईल इतपत मी म्हणायचो,
"काही मुदतबिदत आहे की नाही?"
आतून तो साखरेच्या गोळ्यांची बाटली
तळहातावर ठोकायचा,
टक टक टक,
चार गोळ्या मोजून होईपर्यंत.
मग एका पहाटे,
कचऱ्याच्या गाडीचं गाणं कोपऱ्यावर यायच्या आत
गेला.
मुदत कळली.

"काच निकलवा दो अंकल,
नहीं तो समझौता शुल्क भरना पड़ेगा."
रक्कम इथे लिहीत नाही.
एक एफडी मोडावी लागली एवढी.
मी म्हणणारच होतो, काढतो काचा,
आता तिथे कोण झोपतंय,
कांदे असतात आणि इस्त्रीचं टेबल.
तोंड उघडलंही होतं.
ही म्हणाली, "भरतो आम्ही."
आणि चहा टाकायला आत गेली.

मुकातीच्या टेपचं दुसरं टोक मी धरलं.
भिंतीवर खाटेच्या उंचीला
तेलकट गोल डाग आहे अजून,
डोकं टेकायचा तो तिथे.
रंगवाल्याने दोनदा चुना मारला,
दोनदा वर आला.
टेप त्याच्यावरूनच गेली.
मी मुकातीला म्हटलं, नीट धर,
एक इंच कमी नको लिहूस.
तो बघतच राहिला माझ्याकडे.

नवा कागद जूनमध्ये मिळाला.
माझ्या नावात एक काना जास्तीचा,
तो दुरुस्त करायला अजून तीन खेपा.
खाली मुदत:
तीस मार्च दोन हजार चोपन्नपर्यंत.
मी मिलमध्ये टाइमकीपर होतो,
तारखेवरून वार काढायची खोड
मिल गेली तरी गेली नाही.
बोटांची पेरं मोजली, लीप वर्षं मिळवली.
"सोमवार येतो," म्हटलं.

ती चष्म्याशिवायच कागद बघत होती,
उलटा.
"सोमवार? म्हणजे माझा उपास.
आदल्या रात्री आठवण करा हं,
साबुदाणा भिजवायचा राहतो."